फुप्फुसांतला रक्तदाब: औषध सुरू करणे सोपे, थांबवणे अवघड

संपादक महोदय,

हृदयाच्या पडद्यातले मोठे छिद्र उशिरा बंद केलेल्या बाळांमध्ये शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या एकाएकी आवळण्याचा धोका असतो. उजव्या कप्प्यावर ताण येतो आणि शरीराचा रक्तदाब कोसळतो. निमित्त अनेकदा साधेच, श्वासनळीतला कफ नळीने ओढणे. म्हणून त्याआधी फेंटानिलसारखे वेदना शमवून गुंगी आणणारे औषध आणि जास्तीचा ऑक्सिजन द्यावा. कार्बन डायऑक्साइड साठू देऊ नये.

श्वासावाटे दिलेला नायट्रिक ऑक्साइड वायू रक्तवाहिन्या सैल करतो आणि प्रामुख्याने फुप्फुसांतच काम करतो. मात्रा साधारण दहा लाख भागांत 20 भाग. त्याहून वाढवून लाभ क्वचितच. उलट मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारे हिमोग्लोबिन, वाढते. खरी चूक होते ती बंद करताना. 5 भागांवरून थेट शून्यावर आणले की दाब पुन्हा उसळू शकतो. 1 भागापर्यंत हळूहळू उतरवावे, आणि शेवटच्या टप्प्याच्या तासभर आधी सिल्डेनाफिल हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यावे. मिलरिनोन हे आणखी एक औषध हृदयाला बळ देते, पण शरीराचाही रक्तदाब उतरवते. मूत्रपिंडे मंदावली असतील तर मात्रा घटवावी लागते.

नायट्रिक ऑक्साइड हा महागडा वायू सरसकट सगळ्यांना प्रतिबंधक म्हणून देण्याचा फायदा मात्र ठोसपणे सिद्ध झालेला नाही. जोखीम पाहूनच निवड व्हावी. आणि मोठ्या वयाच्या रुग्णांसाठी एक गोष्ट: सिल्डेनाफिल चालू असताना छातीदुखीवरची नायट्रेटची गोळी घेऊ नये, रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो.

– हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता उपचारांतील डॉक्टर