व्याख्यानाबरोबर कागदही हाती द्या

मा. संपादक,
स. न.

गावोगावची इतिहास मंडळे आपापल्या परिसरावर जाहीर व्याख्याने ठेवतात आणि लोकही आवडीने येतात. या मंडळांना आमची एकच सूचना आहे. वक्ता ज्या कागदाच्या आधारे बोलणार, त्याची एक पानाची प्रत प्रत्येक श्रोत्याला दारातच मिळावी. वर मूळ मोडी मजकुराचा फोटो, खाली ओळीस ओळ बालबोध (देवनागरी) वाचन, मग तारीख कशी काढली तो हिशेब आणि तळाला कागदाचा पत्ता: कोणते दप्तर, कोणता रुमाल (कागदांचे गाठोडे), छापील असेल तर खंड आणि लेखांक. ‘पेशवे दप्तरात तसा उल्लेख आहे’ एवढ्याने भागत नाही. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवेकालीन सरकारी कागदांच्या त्या दप्तरातून निवडून छापलेल्या कागदांचेच ४५ खंड आहेत. खंड-लेखांकाशिवाय श्रोत्याने शोधायचे तरी कुठे?

सर्वांत जास्त घोटाळे तारखांत होतात, म्हणून हिशेब छापण्यावर आमचा भर आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढेच बहुतेकांना पाठ असते. पण १ जानेवारी उलटल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. जेधे घराण्याच्या शकावलीत (घटनांच्या तिथिवार नोंदीत) शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते आणि वर्षाची चूक होते. बरोबर साल १६३०.

पेशवाईतल्या पत्रांवर शुहूर नावाच्या कालगणनेचा सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलते. मृगापासून ३१ डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई जानेवारीतली, म्हणून ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. घाईत वाचणारा ‘सीत’ (सहा) आणि ‘सितैन’ (साठ) यांत फसतो, ‘मया’ आणि ‘मयातैन’ यांत तर सरळ शंभर वर्षांची चूक होते. दक्षिणेतला फसली (महसुली) सनही मृगालाच बदलतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवतात. फसलीला शुहूर समजले की घटना नऊ वर्षे पुढे सरकते. आणखी एक खोच अशी की शुहूर वर्ष सौर असले तरी पत्रातला महिना आणि दिवस हिजरी, म्हणजे चांद्र. तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र. चंद्र १ म्हणजे साधारण शुद्ध द्वितीया.

पडताळ्याचा सोपा मार्ग वार. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. १४ जानेवारी १७६१ ला बुधवारच येतो. पण १७५२ पूर्वीच्या तारखांना हा ताळा लावताना जपावे. इंग्रज तेव्हा जुन्या जुलियन पद्धतीने तारीख लिहीत, पोर्तुगीज मात्र आजच्या ग्रेगरी पद्धतीने, म्हणजे सतराव्या शतकात दहा दिवस पुढे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुलियन आहे. ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर हजर होता, तो इंग्रजी तारीख लिहिणार. गोव्याच्या कागदात तोच दिवस १६ जून होईल. १९ फेब्रुवारी १६३० सुद्धा जुलियन. जे कॅलेंडर आजची पद्धत तशीच मागे नेते, त्यात त्या तारखेला मंगळवार दिसतो आणि शकावलीतला शुक्रवार चुकीचा वाटू लागतो. चूक शकावलीची नसते. शिवाय त्या काळी इंग्रजी कागदांत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारी १६७३ असे लिहिलेले पत्र आपल्या हिशेबाने १६७४ चे असते.

वाचनाबद्दल थोडेच. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि ‘राा’ म्हणजे राजश्री अशी संक्षेपरूपे सर्रास येतात. म्हणून संक्षेप सोडवून लिहिलेली अक्षरे आणि वाचणाऱ्याचा तर्क चौकटी कंसात द्यावा, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे ठेवावीत. गावाचे नाव पक्के करण्याआधी परगणा आणि तर्फ (परगण्याचा पोटभाग) पाहावी. एकाच नावाची दोन गावे शेजारच्या तर्फांत सापडतात.

व्याख्यान संपले की लोक घरचे जुने कागद घेऊन पुढे येतात. ही खरी कमाई, आणि नुकसानही इथेच होते. मूळ कागद ठेवून घेऊ नये. जागेवरच फोटो काढून परत द्यावा, धन्याची लेखी संमती घ्यावी. फोटो सावलीतल्या उजेडात, कॅमेरा कागदाच्या बरोबर वर धरून, कडेला मोजपट्टी ठेवून काढावा. कागदाच्या मागच्या बाजूचा फोटोही विसरू नये. कागद लांब असेल तर ताव एकमेकांना चिकटवलेले असतात आणि जोडावर मागून शिक्का असतो. ‘सुरू सूद’, ‘बार’ असे नोंदीचे शेरेही मागेच सापडतात. अस्सल-नक्कल ठरवताना हेच उपयोगी पडते. घड्या कडक झाल्या असतील तर ओढून उलगडू नये, घडीवरच कागद फाटतो. चिकटपट्टी मुळीच लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत मुरतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते पुन्हा काढता येत नाही.

विषय शिलालेखाचा असेल तर दगडावर खडू, तेल किंवा रंग फिरवून अक्षरे ‘उठवू’ नयेत. चुकीच्या जागी फिरलेला खडू पुढच्या प्रत्येक वाचकाला तेच चुकीचे अक्षर दाखवतो. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा झोत टाकला की उथळ अक्षरेही सावलीने उठून दिसतात. झोत डावीकडून, उजवीकडून आणि वरून टाकून तीन तरी फोटो घ्यावेत. सोलापूर जिल्ह्यातल्या कुडल संगमच्या लेखात शके ९४०, रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या लेखात शके ९३४. मराठीचा आद्य लेख कोणता ही चर्चा अशा एकेका आकड्याच्या वाचनावर उभी असते.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. व्याख्यानाची बातमी देताना वक्त्याने सांगितलेली मूळ तिथी, शक आणि वार गाळू नयेत, आणि १७५२ पूर्वीची इसवी तारीख छापताना ती जुलियन की ग्रेगरी हे वक्त्याला विचारून पुढे लिहावे. त्यासाठी बातमीत एकच शब्द वाढेल.

आपले,
स्थानिक इतिहासाचे काही अभ्यासक