सफरचंद लावण्याआधी

थानेदार, जि. शिमला
१० सप्टेंबर

प्रिय रंगनाथ,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षाचा एक प्लॉट काढून तिथे सफरचंद लावावं का, असं तू विचारलंयस. फोनवर हो-नाही सांगता आलं असतं. पण इथल्या शाळेत लागल्यापासून मी बागवानांच्या, म्हणजे सफरचंदाच्या बागा करणाऱ्यांच्या, शेजारात राहतोय. त्यांचं काय चाललंय ते तुला कळावं, मग तू ठरव. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थंडीचं. इथली मुख्य जात रॉयल डेलिशियस. हिवाळ्यात पारा सात अंशांच्या खाली असे हजार-बाराशे तास मिळाले, तरच तिच्या फांद्यांवरचे डोळे (कळ्या) एकसारखे फुटतात. नाहीतर फूल मागेपुढे येतं आणि फळधारणा ढासळते. शिवाय ही जात स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. मधूनमधून गोल्डन डेलिशियससारखी झाडं ठेवावी लागतात, फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणाव्या लागतात. मग गारपिटीची धास्ती, तिच्यासाठी जाळ्या, त्यांचा खर्च वेगळा. बर्फ हवा तो नुसता थंडीसाठी नव्हे. तो सावकाश वितळून जमिनीत मुरतो आणि उतारावरच्या कितीतरी बागांना तेवढीच ओल. तोच आता कमी पडू लागलाय. कुलू खोऱ्याच्या खालच्या अंगाला लोकांनी सफरचंद काढून डाळिंब लावलं, तुझ्या नाशिक जिल्ह्यातलं डाळिंब! आणि सफरचंद वर वर सरकत किन्नौर, लाहौल-स्पितीपर्यंत गेलं.

हे पीक इथलं मूळचं नाही, हेही तुला सांगायला हवं. सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकन तरुण १९०४ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आला, इथल्या कोटगढला राहिला, इथलीच मुलगी केली. १९१६ साली त्याने अमेरिकेतून डेलिशियसची कलमं मागवून लावली, शेजाऱ्यांनाही रोपं दिली. पुढे असहकाराच्या चळवळीत तो तुरुंगात गेला आणि १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाला. इथली चांगली घरं, शिमल्या-चंदीगडला शिकणारी मुलंमुली, हे सगळं त्या झाडांवर उभं राहिलं. तुला जी समृद्धी दिसते ती खरी आहे. पण ती शंभर वर्षांत, तीन-चार पिढ्यांच्या कष्टातून आलेली आहे.

आता भावाचं, कारण माझा जीव खरा तिथेच अडकतो. तुझं द्राक्ष किलोवर जातं. इथे वर्षानुवर्षं माल पेटीवर गेला. दोन भागांची, एकावर एक सरकणारी ती पुठ्ठ्याची पेटी. थर वाढवत नेले की तीस किलोसुद्धा मावायचे. भाव मात्र एका पेटीचाच. वरचे किलो बागवानाच्या खिशातून गेले, आणि जास्त भरली नाही तर आडती नाक मुरडणार. २०२४ च्या हंगामापासून सरकारने युनिव्हर्सल कार्टन, म्हणजे ठरावीक मापाची पेटी, सक्तीचं केलं. त्यात वीस किलोच्या आसपासच बसतात, दडपून भरायला जागाच नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती मिळवायला किती वर्षं भांडावं लागलं! मला विचारशील तर कुठल्याही अनुदानापेक्षा हे पाऊल मोठं आहे. तरीही 'पित्तू', म्हणजे सगळ्यात बारीक फळ, आणि डागी माल कवडीमोलानेच जातो. सरकार स्वतः असा माल विकत घेतं त्या बाजार हस्तक्षेप योजनेत त्याला २०२३ साली किलोला १२ रुपये होते. त्यात तोडणी, भरणी, पाठीवरून रस्त्यापर्यंत वाहून आणणाऱ्या नेपाळी मजुरांची मजुरी, सगळं बसव.

२२ जुलै १९९० ला आधारभावासाठी रस्त्यावर उतरलेल्या बागवानांवर कोटगढमध्ये गोळीबार झाला. तिघे गेले. इथे अजून दरवर्षी त्या दिवशी त्यांना अभिवादन होतं. 'सफरचंदवाले श्रीमंत असतात' असं आपल्याकडे कुणी सहज म्हणालं की मला हे आठवतं आणि राग येतो.

रस्त्यांचं तर काय सांगू. २०२३ च्या पावसात डोंगर खचले, रस्ते तुटले, तोडलेला माल जागच्या जागी अडकला. द्राक्ष दोन दिवस थांबत नाही हे तू जाणतोस. सफरचंद थोडं थांबतं, पण शीतगृह सगळ्यांना कुठलं? आणि बाजारात पोचलं तरी तिथे इराणसारख्या देशांतून आलेला माल शेजारी उभा असतोच.

सफरचंदाच्या ज्या एचआरएमएन-९९ जातीबद्दल तू ऐकलंस ती खरी आहे. बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी ती सखल, उष्ण भागात वाढवली, २०२५ ला त्यांना पद्मश्रीही मिळाली. तिला थंडी फार लागत नाही, आणि महाराष्ट्रातही काहींनी ती लावली आहे. पण तुझ्या मातीत, तुझ्या ऑक्टोबरच्या उन्हात ती किती वर्षं आणि कसं फळ देईल, हे झाडानेच दाखवायला हवं. आणि काश्मीर-हिमाचलच्या रंगाला सरावलेला व्यापारी तुझ्या फळाला काय भाव देईल, ते आधी त्यालाच विचार.

म्हणून माझं मत: वेल काढू नकोस. बांधावर दहा-बारा झाडं लाव, तीन-चार बहार बघ. तुझ्यावर अजून बँकेचं कर्ज आहे, प्लॉट मोडून प्रयोग करायची ही वेळ नाही. येत्या ऑगस्टात वहिनींना घेऊन इकडे ये. शेजारचे बागवान तुला ग्रेडिंग आणि मंडीतला लिलाव दाखवतील, त्यांच्याशी बोल. माझ्यापेक्षा तेच नेमकं सांगतील. त्यांनाही तुझ्याकडून काही ऐकायचंय: व्यापारी माल उचलून पैसे बुडवून पळाला, तेव्हा तुम्ही दिंडोरीच्या लोकांनी वसुली कशी केली ते. इथेही तेच दुखणं आहे.

आई-अण्णांना नमस्कार. उत्तर लिही.

तुझा,
श्रीधर