स्थळपाहणीची कामे महिला कर्मचाऱ्यांकडेही द्या

महोदय,

२०२३ मध्ये जालना नगर परिषदेची महानगरपालिका झाल्यापासून मराठवाड्यात पाच महानगरपालिका आहेत. शहरांच्या हद्दी शेतशिवारात शिरत असल्याने नगररचना विभागांवरचा भारही वाढतो आहे. शासकीय सेवेतील महिलांसाठीच्या ३० टक्के समांतर आरक्षणामुळे या विभागांत रचना सहायक, सहायक नगररचनाकार म्हणून मुली येत आहेत, याचे समाधान वाटते. मात्र रुजू झाल्यावर त्यांना कोणते काम दिले जाते, याची चौकशी फारशी कोणी करत नाही.

या क्षेत्रातील माझ्या नोकरीच्या काळात महिलांकडे बहुधा भाग नकाशे, जमिनीला कोणता वापर लागू आहे हे सांगणारे झोन दाखले आणि आवक-जावक असे टेबलावरचे काम असे, तर स्थळपाहणी, गुंठेवारीची, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या भूखंडांची, मोजणी आणि सार्वजनिक कामांसाठी आरक्षित जमिनींच्या मालकांशी बोलणी पुरुष सहकारी करत. ‘बाईमाणसाला उन्हातान्हात कशाला पाठवायचे’ असे म्हणणाऱ्या वरिष्ठांच्या मनात वाईट काही नसे. पण पुढे मोठी जबाबदारी सोपवताना त्याच बाईला ‘फील्डचा अनुभव नाही’ म्हणून बाजूला ठेवले जाई, आणि हा अन्याय आहे असे कोणाला वाटतही नसे.

यात शहराचेही नुकसान होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावा लागतो. एका गावच्या अशा पाहणीत वस्तीलगतचा एक तुकडा ‘पडीक’ म्हणून नोंदला गेला होता. नंतर एका तरुण सहकारी मुलीने तिथल्या बायांना विचारले, तेव्हा कळले की पाण्याचा टँकर तिथेच थांबतो, उन्हाळ्यात घागरी आणि ड्रम घेऊन निम्मी वस्ती तिथे ताटकळते आणि पहाटे आडोशालाही बाया तिथेच जातात. शेवटची गोष्ट पुरुषांच्या पथकाला कोणी सांगितली नसती.

म्हणून स्थळपाहणीच्या कामाचे वाटप पाळीने व लेखी व्हावे आणि पाहणीसाठी कार्यालयाचे वाहन मिळावे, कारण स्वतःच्या दुचाकीवर दूरच्या शिवारात एकटीने जाणे हा पर्याय नव्हे. दिवसभराच्या पाहणीत स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे आधी ठरवायला हवे; ते मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद २०१७ पासून कायद्यात आहे, तिचीही अंमलबजावणी व्हावी.

प्रारूप आराखड्यावरील हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत लोकप्रतिनिधींसोबत चारपर्यंत तज्ज्ञ नेमता येतात. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा असताना या समितीत मात्र तशी अट नाही. या तज्ज्ञांपैकी किमान दोन महिला असाव्यात, असा आदेश नगरविकास विभागाने काढावा आणि मराठवाड्यातील पुढील आराखड्यांपासूनच तो लागू करावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नगररचना कर्मचारी, परभणी