एक चमचा म्हणजे किती?

टूसॉन, ॲरिझोना
८ जून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. सईचा इथल्या विद्यापीठातला प्रवेश पक्का झाल्याचा तुझा मेसेज आला, त्या संध्याकाळी आम्ही घरी शिरा केला. तू विचारलं होतंस, तिला इथे सगळ्यात जड काय जाईल? ऊन अकोल्याच्या मुलीला नवीन नाही, इंग्रजी तिला येतं. दोन दिवस विचार केला आणि उत्तर सापडलं ते मापांचं. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

आकडे बदलून घेणं अवघड नाही, ते काम हातातला मोबाइलच करतो. जातो तो अंदाज. पाव किलो मिरची पिशवीत केवढी दिसते, स्टँडपासून दोन किलोमीटर म्हणजे किती चालणं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, ते अंगात मुरलेलं असतं. इथे उतरल्यावर त्यातलं काहीच कामाला येत नाही. कांदे पौंडावर, पेट्रोल गॅलनवर, रस्ता मैलांत, कणीक 'कपा'त. तिला एवढं सांग: पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, अर्ध्या किलोला थोडा कमी. मैल म्हणजे दीड किलोमीटरहून जरासा जास्त. बॅगेचं वजन मात्र ५० पौंड, म्हणजे आपले २३ किलो. तिकिटावर दोन्ही लिहिलेलं असेल.

लोक म्हणतात, अमेरिकेत मेट्रिक, म्हणजे आपली मीटर-किलो-लिटरची पद्धत, नाही. तसं नाही रे. माझ्या फ्रीजमध्ये दूध गॅलनच्या कॅनमध्ये आहे आणि शेजारी कोल्ड्रिंकची बाटली दोन लिटरची आहे. बिस्किटाच्या पुड्यावर वजन औंसात आणि ग्रॅममध्येही, पण आत साखर किती ते फक्त ग्रॅममध्ये. औषधाची गोळी मिलिग्रॅममध्ये. एकाच घरात दोन भाषा नांदतात, आणि कुठे कोणती बोलायची ते ज्याचं त्यानं शिकायचं.

एका बाबतीत सईला आपलं घर उपयोगी पडेल. आपण ताप फॅरनहाइटमध्येच मोजतो ना? मला इथली हवा त्यावरूनच कळायला लागली. बाहेर १०० म्हणजे कणकणीचा ताप, म्हणजे ३८. जूनमध्ये इथे ११० होतं, ते तुमच्याकडचं ४३. हे अंगाला समजलं, गणिताला नाही.

आता ज्यासाठी खरं लिहितोय ते. मुलगा दोन वर्षांचा असतानाची गोष्ट. रात्री एकला १०३ ताप. आपलं पॅरासिटामॉल इथे असिटॅमिनोफेन या नावानं मिळतं, ते घरात होतं. फोनवर एका दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "वन टीस्पून." मी घाईत ओट्यावरच्या डब्यातला चमचा काढला, आपला जेवणाचा, अकोल्याहून आणलेला. आपल्याकडे चमचा म्हणजे चमचा. इथे टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर आणि टेबलस्पून म्हणजे १५, बरोबर तिप्पट, आणि माझ्या हातातला चमचा दोन्हींतला एकही नव्हता. त्यात बाटलीवरचा तक्ता बाळाच्या पौंडांवर, आणि आम्हाला त्याचं वजन किलोतच पाठ. बायकोनं माझा हात धरला. तिनं खोक्यातली छोटी पिचकारी शोधली आणि ५ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत भरली. माझे हात त्यानंतर कितीतरी वेळ थरथरत होते.

अशा चुका इतक्या होतात की २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, मुलांचं पातळ औषध फक्त मिलिलिटरमध्येच लिहा, चमच्यात नको. सईला पातळ औषध घ्यायची वेळ आली तर स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही, हे तिच्याकडून कबूल करून घे. मंगळाकडे निघालेलं नासाचं एक यानसुद्धा १९९९ मध्ये असंच गेलं. एका चमूनं रेट्याचा हिशेब पौंडांत दिला, दुसऱ्यानं तो न्यूटन या मेट्रिक एककात आहे असं धरलं. आकड्याशेजारी एकक नसलं की आकडा खोटा बोलतो.

मग मी यामागचा इतिहास वाचायला लागलो आणि मला तुझे बाबा आठवले. आपल्याकडे १९५६ मध्ये कायदा झाला, १९५७ च्या एप्रिलमध्ये आण्यांच्या जागी नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं किलो. काका सांगायचे, गिऱ्हाईक शेर मागायचं आणि ते किलोनं तोलून द्यायचे, वर हिशेब समजावून सांगायचे. किती अडाणी माणसांनी हे पचवलं! कारण तारखा ठरल्या होत्या आणि बदल सक्तीचा होता.

अमेरिकेची सुरुवात आपल्या कितीतरी आधीची. १८६६ मध्ये इथे मेट्रिक कायदेशीर झालं, १८७५ च्या मीटर करारावर यांची सही आहे. १८९३ पासून इथला यार्ड आणि पौंड मीटर-किलोवरूनच ठरतो. १९५९ पासून इंच म्हणजे नेमका २.५४ सेंटिमीटर. म्हणजे इंचाच्या पोटात सेंटिमीटरच आहे. १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी बदलाच्या कायद्यावर सही केली, पण तो ऐच्छिक होता. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ मध्ये बंद झालं. मला त्या 'ऐच्छिक' शब्दाचा राग येतो. ज्यांना परदेशी माल विकायचा होता ते कारखाने बदलले, शास्त्रज्ञ तर मेट्रिकमध्येच होते. उरला तो रात्री एक वाजता बाटली हातात धरून उभा असलेला बाप.

तरी जुन्या मापांचा मला तिटकारा नाही. शेजारी एक म्हातारे सुतार आहेत, त्यांच्याबरोबर परसात शेड बांधली. ते इंचाचा अर्धा, पाव, अर्धपाव असे भराभर बोलतात, आणि मला आपल्या शाळेतली पावकी-निमकी ऐकू आली. इथे 'टू-बाय-फोर' नावाची लाकडी पट्टी सगळीकडे असते. मोजली तर दोन बाय चार नसतेच, रंधून दीड बाय साडेतीन उरते. साडेतीन म्हणजे औट! त्यांना सांगितलं की आमच्या भाषेत या आकड्याला स्वतःचं नाव आहे. त्यांनी पेन्सिलीनं पट्टीवर ते इंग्रजीत लिहून घेतलं.

सई आली की तिला मी आधी आय-१९ या महामार्गावरून नोगालेस गावाकडे नेणार. टूसॉनपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत साधारण १०० किलोमीटरचा तो रस्ता, आणि त्यावर अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत, त्या मेट्रिकच्या उत्साहाच्या काळातल्या. वेगाच्या पाट्या मात्र मैलांत. पाट्या बदलायचं निघालं तेव्हा रस्त्यालगतच्या दुकानदारांनीच विरोध केला, कारण बाहेर पडायच्या फाट्यांचे क्रमांक किलोमीटरवरून पडलेत आणि त्यांचे पत्ते त्या क्रमांकांवर चालतात. तिथून जाताना मला दरवेळी बरं वाटतं. पाटी वाचली की किती वेळ लागेल ते विचार न करता कळतं.

तिच्या विमानाची तारीख कळव. फिनिक्सला उतरली तर मी घ्यायला येईन. काकांना नमस्कार सांग, आणि दुकानातला तो पितळी शेर अजून असेल तर त्याचा फोटो पाठव. मुलाला दाखवायचा आहे.

तुझा,
मिलिंद