ग्लेझ यांचे बेपत्ता निसर्गचित्र

महोदय,

घनवादाची (क्युबिझम, म्हणजे एकच वस्तू अनेक बाजूंनी एकाच चित्रात दाखवणारी शैली) ओळख करून देताना आपल्याकडे बहुधा पिकासो आणि ब्राक यांच्या गिटारी व बाटल्यांवरच भागवले जाते. त्यामुळे या शैलीला निसर्गाचे वावडे होते, असा वाचकांचा समज होतो. म्हणूनच फ्रेंच चित्रकार आल्बेर ग्लेझ यांच्या १९१२ सालच्या ‘पॅरिसजवळचे निसर्गदृश्य’ या तैलचित्राकडे लक्ष वेधू इच्छितो.

पॅरिसच्या वायव्येला सीन नदीकाठी असलेले कुर्बव्वा हे उपनगर ग्लेझ यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. या चित्रात त्यांनी तोच परिसर एका कोनात न बांधता एकाच चौकटीत मांडला. वस्तूभोवती फिरून दिसलेली तिची अनेक रूपे चित्रकाराने एकत्र आणावीत, असा विचार त्यांनी चित्रकार ज्याँ मेत्सेंजे यांच्यासोबत त्याच वर्षी पुस्तकरूपाने मांडला होता. टेबलावरच्या बाटलीभोवतीची फेरी काही क्षणांत पुरी होते. निसर्गचित्रात मात्र त्याच फेरीला बराच वेळ लागतो, आणि माझ्या मते घनवादाची खरी झेप इथे दिसते. घाटातले एकच वळण चढताना आणि उतरतानाही पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चित्र अवघड वाटू नये.

दुर्दैवाने मूळ चित्र आज कोणालाच पाहता येत नाही. कलासंग्राहक सोफी क्युपर्स यांनी सोव्हिएत रशियाला जाण्यापूर्वी, १९२६ मध्ये, आपल्या संग्रहातील चित्रे जर्मनीतील हानोव्हरच्या संग्रहालयाकडे ठेवायला दिली, त्यांत हे चित्र होते. १९३७ मध्ये नाझी राजवटीने आधुनिक कलेला ‘भ्रष्ट’ ठरवून देशभरातील संग्रहालयांतून हजारो कलाकृती उचलल्या, तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. सोफी यांच्याच संग्रहातले, तेव्हाच जप्त झालेले चित्रकार पाउल क्ले यांचे एक चित्र पुढे म्युनिकमध्ये आढळले आणि प्रदीर्घ वादानंतर २०१७ मध्ये शहर व वारस यांच्यात समझोता झाला. ग्लेझ यांचेच १९११ सालचे, पॅरिसजवळच्या म्योदाँच्या वाटेवरून एकटाच चालणारा माणूस दाखवणारे चित्रही आल्फाँस कान यांच्या संग्रहातून नाझींनी लुटले होते. ते १९९७ मध्ये वारसांना परत मिळाले. जवळपास साठ वर्षांनी एक चित्र घरी येऊ शकते, तर दुसऱ्याची आशा सोडण्याचे कारण नाही.

अशा बेपत्ता कलाकृतींची नोंद जर्मनीतील सार्वजनिक सूचीत ठेवली जाते आणि ती कोणालाही पाहता येते. आपल्या रविवार पुरवणीत दर महिन्याला अशा एका कलाकृतीचे जुने छायाचित्र आणि तिचा इतिहास छापावा, आणि त्याची सुरुवात ग्लेझ यांच्या या चित्रापासून करावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे