काका, झिरो बघितला!

प्रिय काका,

तुमचं नाव लिहीत नाही, तुमच्या पेट्रोल पंपाचंही नाही. तुम्हीच म्हणालात, "नाव नका टाकू ताई, भाच्याचा धंदा आहे." ओहायोतल्या कोलंबस शहराच्या उत्तरेला, हायवे सोडला की डाव्या हाताला, एवढंच लिहिते. मराठीत लिहितेय कारण मुलुंडच्या शाळेत तुम्हाला मराठी होतं आणि तुमच्याच शब्दांत सांगायचं तर "वाचतो फर्स्ट क्लास, फक्त ऱ्हस्व-दीर्घाची बोंब". आणि चारचौघांत लिहितेय, कारण माझ्यासारखं अजून कुणीतरी अमेरिकेत पेट्रोलच्या काट्याकडे बघत गाडी चालवत असेल.

ओहायोला येण्याआधी मी अकरा वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला होते. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, १९४९ पासून. गाडी लावायची, काच खाली करायची, कार्ड द्यायचं. साताऱ्यात साइड व्हीलची स्कूटर घेऊन पंपावर जायचे, त्याहून वेगळं काही नाही. त्यामुळे उरलेल्या अमेरिकेत लोक आपलं आपण भरतात, हे मला ऐकून माहीत होतं, अंगावर आलं नव्हतं. (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. "गॅस संपत आला" असं फोनवर म्हटलं की आई अजून विचारते, सिलिंडर नोंदवलास का?)

गाडी चालवणं मला जड नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताच्या दांडीवर आहेत. पुढे ढकलली की ब्रेक, खाली दाबली की वेग. घोडं अडतं ते गाडी थांबल्यावर. दार पूर्ण उघडायचं, पाय हातांनी उचलून बाहेर ठेवायचे, पायांना बांधलेल्या कॅलिपरची गुडघ्याची लॉकं टक, टक अशी लावायची आणि कुबड्यांवर उभं राहायचं. इथपर्यंत सवयीचं. पण मग कार्ड कुठल्या हातानं काढायचं? नोझल कुठल्या हातानं उचलायचं? एक कुबडी गाडीला टेकवावी तर ती हमखास घसरून पडते, आणि पडलेली कुबडी वाकून उचलणं हा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात जानेवारीचा बर्फ आणि त्यावर सांडलेलं डिझेल असलं की कुबडीच्या रबराची पकड काही राहत नाही.

पंपांवर निळा स्टिकर असतो, व्हीलचेअरचं चित्र आणि हॉर्न वाजवा अशी सूचना. वाजवून पाहिला होता मी, एका दुसऱ्या पंपावर. आतल्या मुलानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फोनमध्ये घातली. पुढच्या पिकअपवाल्याला वाटलं हॉर्न त्याच्यासाठीच आहे; त्यानं आरशातून जे बोट दाखवायचं ते दाखवलं. आपल्याकडे हॉर्न म्हणजे श्वासोच्छ्वास, इथे शिवी. तेव्हापासून मी फक्त रविवारी, मैत्रिणीला शेजारी बसवून पंपावर जायचे. आठवडाभर टाकी पुरवून पुरवून वापरायची.

गेल्या वर्षी जानेवारीत ते गणित चुकलं. लॅबची संध्याकाळची पाळी संपायला साडेअकरा वाजले, बाहेर दहा फॅरनहाइट, म्हणजे उणे बारा, आणि लाल दिवा लागलेला. तुमच्या पंपावर शिरले. काचेआड तुम्ही एकटे, कानटोपी घालून. पाचेक मिनिटं हॉर्नवर हात ठेवून नुसती बसले. मग दोनदा वाजवला, अगदी हलकेच, पाहुण्यांच्या घरी कडी वाजवावी तसा.

तुम्ही गल्ल्याला कुलूप लावलंत, दारावर "पाच मिनिटांत येतो" अशी पाटी उलटी केलीत आणि जाकिटाची चेन ओढत आलात. इंग्रजीत विचारलंत, टाकी कुठल्या बाजूला? मी कार्ड दिलं. अनोळखी माणसाच्या हातात मध्यरात्री कार्ड द्यायला आणि वर झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, सांगायला मन धजत नव्हतं, हे आज कबूल करते. तुमची नजर डॅशबोर्डवरच्या गणपतीवर गेली. नोझल लावलंत, काचेशी वाकलात आणि म्हणालात, "झिरो बघा हं, ताई."

काका, मी हसले की रडले, आठवत नाही. इथल्या मीटरवर शून्य आपोआप येतं, ते बघायचं काही कारणच नाही. पण ते वाक्य मी शेवटचं ऐकलं होतं साताऱ्यात.

नंतर मी कायदा वाचून काढला. तो आधीच वाचायला हवा होता, पण पायांवर बेतल्याशिवाय कोण वाचतं? १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा, इथे ज्याला सगळे एडीए म्हणतात, तो सांगतो की सेल्फ-सर्व्हिस पंपानं अपंग ग्राहकाला मागितल्यावर पेट्रोल भरून द्यायचं आणि त्यासाठी वेगळा पैसा घ्यायचा नाही. एरवी भरून देण्याचा दर जास्त असला तरी आपल्याला सेल्फ-सर्व्हिसचाच दर. हॉर्न वाजवून किंवा खूण करून मदत मागता येते, हे लोकांना कळवणंही पंपाचंच काम. माझ्यासारख्यांनी हे पाठच करून ठेवावं. पण पुढे एक सवलत आहे: पंप एकच माणूस आतून, रिमोटवर चालवत असेल, तर त्याच्यावर ही सक्ती नाही. ती वाचली तेव्हा मी पुस्तकात बोट ठेवावं तशी त्या ओळीवर थांबले. त्या रात्री तुम्ही एकटेच होतात. तुम्ही आत बसून राहिला असतात तर मला तक्रारीला जागा नव्हती.

तुम्हाला मी हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "असं लिहिलंय? बरं झालं मला माहीत नव्हतं." खोटं होतं ते. काउंटरमागे नियमांचा कागद चिकटवलेला मी स्वतः पाहिलाय.

अजून एक सांगायचं राहिलं होतं. हा कायदा अडकून पडला होता तेव्हा, १२ मार्च १९९० ला, वॉशिंग्टनमध्ये बरीच माणसं व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवून कॅपिटॉलच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, पायऱ्या हातांवर, पोटावर सरपटत चढली होती. त्याच मार्चमध्ये मी दहावीला होते. परीक्षेचा नंबर आला दुसऱ्या मजल्यावर. खाली बसवा म्हणून वडिलांनी केलेला अर्ज कुठे गेला कुणास ठाऊक. रोज बसून बसून, एकेक पायरी हातांनी अंग वर ढकलत चढायचे आणि फ्रॉकचा मागचा भाग झटकून पेपर लिहायला बसायचे. मला तेव्हा वाटायचं, असं चढणारी जगात मी एकटीच.

तर, पाटी उलटी केल्याबद्दल आभार. दोन डॉलर पुढे केले तेव्हा "हे काय, ताई" म्हणून हात मागे घेतल्याबद्दल. काउंटरचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून, गाडीच्या काचेतून वाचता येईल अशा उंचीवर चारही पंपांवर चिकटवल्याबद्दल. आता मी वळणावरूनच फोन करते आणि हॉर्न वाजवावा लागत नाही. त्या नंबरावर एक म्हातारे गृहस्थही फोन करतात असं तुम्ही सांगितलंत, त्यांना माझा नमस्कार सांगा.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही मुलुंडला गेलात, रात्रपाळीला नवा मुलगा आलाय. ओहायोचाच, वीस-बावीसचा, लाल दाढी. परवा मी फोन करायला विसरले, म्हणून धाकधूक करत हॉर्नच वाजवला. तो आला. कार्ड घेतलं, नोझल लावलं, मग काचेशी वाकला आणि फार मोठी जबाबदारी पार पाडत असल्यासारखा म्हणाला, "झीरो बगा, टाई."

त्याचा अर्थ तुम्ही त्याला सांगितलेला दिसत नाही. मी बघितलं. शून्यच होतं.

तुमची,
चार नंबरच्या पंपावरची ताई