पहिल्या वर्षाचा संगणक वहीत नको, हाताखाली हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लांज्याच्या बाजारपेठेत गेली बारा वर्षे मी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवते. बारावीचा निकाल लागला की दुकानाच्या पायरीवर चपला मावत नाहीत. प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं याच दोन महिन्यांत येतं. या मुलांना रोज जवळून बघते म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात, नुकतीच एसवायला गेलेली एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आली. आठ दिवस घरी मोबाइलवर झटली होती. "ताई, मार्कशीट चढतच नाय. साइट बिघडलीय." साइटला काही झालं नव्हतं. मार्कशीटचा फोटो 4 एमबीचा होता आणि फाइल हवी होती 250 केबीच्या आतली. मी विचारलं, एक एमबी म्हणजे किती केबी? "1024," तिने पटकन सांगितलं. केबीत 1024 बाइट असतात हेही न विचारता सांगितलं. पहिल्या वर्षी संगणकाच्या विषयात तिला चांगले मार्क होते. पण पाठ केलेलं ते 1024 आणि हातातला अडलेला फोटो यांचा काही संबंध आहे, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. फोटो मर्यादेच्या सोळापट मोठा आहे, हा हिशेब तिने माझ्यासमोर बसून पहिल्यांदा केला. मी उठून तिला खुर्ची दिली. फोटोत आलेली कडेची चादर तिने कापून टाकली, पिक्सेल कमी केले, सेव्ह करताना क्वालिटी थोडी उतरवली. दहा मिनिटांत फाइल 180 केबीवर आली. अक्षरं वाचता येतात का, ते तिने स्वतःच मोठं करून पाहिलं. मग छत्री मिटून बाहेर उभ्या असलेल्या मैत्रिणीला हाक मारली आणि तिचीही मार्कशीट चढवून दिली. त्या वेळचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या पहिल्याच वर्षी कुठल्याही शाखेच्या मुलांना संगणकाचा विषय शिकवायची वाट मोकळी केली आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर 2022 च्या आराखड्यात मूल्यवर्धित विषयांमध्ये डिजिटल तंत्रज्ञान आहे. आपल्याकडेही दोन-दोन श्रेयांकांचे (क्रेडिटचे) विषय आले. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30. तेच दोन श्रेयांक फळ्यावर संपवले तर 30 तास होतात, संगणकापुढे बसवून शिकवले तर 60. माझं मागणं एवढंच आहे की मुलांना हे 60 तास मिळू द्या आणि परीक्षाही तिथेच, कीबोर्डवर घ्या.

आज काय चालतं ते नोट्सच्या झेरॉक्स काढताना मला दिसतं. संगणकाच्या पिढ्या, सीपीयूचा फुल फॉर्म, इनपुट साधनांची आकृती. प्रात्यक्षिक असलं तरी एका संगणकावर तिघं-चौघं बसतात. माउस एकाच्या हातात, मुली बहुतेक मागे. आणि वीज गेली की तास गेला. कोकणात जून ते सप्टेंबर वीज जाणारच, तेव्हा संगणक कक्षाला इन्व्हर्टर ही चैन नव्हे.

मुलं मोबाइलवर वाढलीत, त्यांना वेगळं काय शिकवायचं, असं वडीलधारी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. मोबाइल वापरणाऱ्याला फाइल कुठे साठते ते कळतच नाही. पीडीएफ डाउनलोड केली, आता ती आहे कुठे, हा प्रश्न मला दिवसातून वीस वेळा येतो. नेट नाही म्हणजे जीपीएस चालणार नाही, असं तर दालदी मच्छीमारांच्या घरातली मुलंसुद्धा सांगतात. घरची होडी नेटवर्क नसलेल्या दर्यात जीपीएस बघूनच जागा शोधते! ठिकाण उपग्रहांवरून कळतं, नेट लागतं ते पुढे पाठवायला, एवढं एका तासात समजण्यासारखं आहे. सड्यावरच्या कलमांची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाची नोंद, करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही ते हवं आहे.

ज्याने माझा जीव सगळ्यात जास्त तुटला, ते आता सांगते. आंब्याच्या हंगामात आमच्याकडच्या एका बागायतदार काकांना फोन आला. वीस पेट्यांची ऑर्डर, आगाऊ पैसे देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. काकांनी स्कॅन केला, पिन टाकला, आणि खात्यातले गेले. मुलगा शेजारीच बसला होता. कॉलेजात यूपीआयचा फुल फॉर्म लिहून दोन मार्क मिळवलेला मुलगा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो लागतो पैसे देताना, हे एक वाक्य त्याच्या नोट्समध्ये नव्हतं. अशा ऑनलाइन फसवणुकीत 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो हेही माहीत नव्हतं. दोघं माझ्याकडे आले ते तिसऱ्या दिवशी.

आणि मराठीचं काय? जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज पेनड्राइव्हवर येतो आणि माझ्या संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कारण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरंच, मराठी हा वरचा मुखवटा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या ळ चा 2355. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द मुलांकडून इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करून घ्या. दुसऱ्याला शिफ्ट दाबून वेगळा ऱ घ्यावा लागतो, त्याला स्वतःचा क्रमांक आहे. संगणक अक्षर नाही, आकडा साठवतो, हे या दोन शब्दांत जसं कळेल तसं कुठल्या व्याख्येने कळणार नाही. समुद्र आणि डोंगर दोन्ही ज्यांच्या दारात आहेत, त्या मुलांना तर नक्कीच.

एमएस-सीआयटी आहेच की, असं कुणी म्हणेल. 2001 पासून त्या कोर्सने लाखोंच्या हातात माउस दिला, मीही त्यातलीच एक. पण त्याची फी वेगळी, आणि वाडीवरून तालुक्याला यायचं एसटीचं भाडंही वेगळं. कॉलेजात मूल रोज येतंच.

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात मुलांचे ईमेल आणि पासवर्ड लिहिलेले आहेत. मुलं स्वतःच लिहून ठेवतात. "ताई, तुमच्याकडेच राहू दे, मी विसरेन." कित्येकांचा ईमेल मीच काढून दिला आहे, काहींच्या फॉर्मवर मोबाइल नंबरही शेजाऱ्याचा. मी ती वही जपून ठेवते, पण ती माझ्याकडे असता कामा नये. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःचा ईमेल काढावा, स्वतःचा पासवर्ड ठरवावा आणि तो कुणालाही, मलाही, सांगू नये. मुलं फॉर्म स्वतः भरू लागली तर माझं गिऱ्हाईक कमी होईल. होऊ दे.

माझ्या दुकानातले दोन संगणक शनिवारी दुपारी दोननंतर रिकामे असतात. तालुक्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाने सरावासाठी मुलं पाठवावीत, फी नको. फक्त येताना प्रत्येकाने आपली मार्कशीट आणावी.

आपली,
एक वाचक
लांजा, जि. रत्नागिरी